आईला कसं सांगावं?



दहावीचा निकाल लागतो, अकरावीचा प्रवेश पक्का होतो आणि घरात लॅपटॉप येतो. कधी हप्त्यांवर, कधी मामाने दिलेला, कधी ताईचा जुना. कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवत असल्यामुळे पुढे काय होतं ते मला दरवर्षी बघायला मिळतं. पालकसभा संपते, बाकीचे पांगतात आणि एखादी आई किंवा एखादे बाबा टेबलाजवळ रेंगाळतात. मग हळू आवाजात विचारणा होते, "मॅडम, तो दिवसभर लॅपटॉपवर काय करतो ते आमच्या फोनवर दिसेल असं काही मिळतं का हो? पण त्याला कळता कामा नये."

मिळतं. अगदी सहज मिळतं, आणि आता तर त्यात एआय आलंय. पूर्वी अशी सॉफ्टवेअर नुसती लांबलचक यादी हातात द्यायची. ती वाचायला कुणाला वेळ नसायचा, म्हणून दोन दिवसांत पालकच कंटाळायचे. आता दिवसाच्या शेवटी सरळ वाक्यांत सारांश येतो: आज अभ्यास दोन तास दहा मिनिटं, करमणूक तीन तास, रात्री साडेदहानंतर लक्ष विचलित. ट्यूशनचे सरसुद्धा इतकं नेमकं सांगत नाहीत, असं वाटून आई खूश.

विचारणाऱ्या पालकांना मी कधी उडवून लावत नाही. क्लासची फी भरताना घरातली एफडी मोडलेली असते. पैसे लावून खेळायच्या गेममध्ये कुणाच्या तरी मुलाने वडिलांचं खातं रिकामं केल्याची बातमी कालच वाचलेली असते. इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसं मुलींना मेसेज करतात हेही सगळ्यांना ठाऊक असतं. भीती खरी आहे. माझं म्हणणं इतकंच, की हे लॅपटॉपमध्ये बसवण्याआधी ते काय गोळा करतं, कुठे ठेवतं आणि त्याच्या बदल्यात तुमच्या हातून काय सुटतं, हे एकदा बसून बघू या.

अशा सॉफ्टवेअरचं साधं काम म्हणजे या क्षणी कोणती खिडकी समोर उघडी आहे ते टिपणं: ॲपचं नाव, खिडकीच्या शीर्षकपट्टीवरचा मजकूर, ब्राउझर असेल तर वेबसाइटचा पत्ता. कीबोर्ड किंवा माऊस काही मिनिटं हलला नाही, की ‘जागेवर नाही’ अशी नोंद. याच्या पुढची सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने स्क्रीनचं चित्र काढतात आणि त्या चित्रातली अक्षरं वाचून साठवतात. त्याच्याही वर भाषेचं मॉडेल बसतं. ते हा सगळा मजकूर वाचून ‘अभ्यास’, ‘खेळ’, ‘गप्पा’ अशी लेबलं लावतं, सारांश लिहितं, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये तर तुम्ही प्रश्नही विचारू शकता: या आठवड्यात तो कुणाशी सर्वांत जास्त बोलला?

आता यातला सर्वांत निरुपद्रवी वाटणारा भाग घेऊ. चित्रं नाहीत, पासवर्ड नाहीत, फक्त शीर्षकपट्ट्या. सोळा वर्षांच्या मुलीची एका रात्रीची नोंद कशी दिसेल ते मी रचून दाखवते. ९.४२, वर्ड, ‘रसायनशास्त्र प्रॅक्टिकल ४’. ९.५८, क्रोम, ‘दोन महिने पाळी आली नाही तर कारणं’. १०.०१, क्रोम, ‘पीसीओडी सोळाव्या वर्षी होतो का’. १०.०७, व्हॉट्सॲप वेब. १०.३१, क्रोम, ‘आईला कसं सांगावं’. १०.३३, वर्ड, पुन्हा रसायनशास्त्र.

सहा ओळी. कुणी काही चोरलेलं नाही, कुणी काही फोडलेलं नाही. एआय यावर शेरा मारेल, ‘अभ्यासात ३५ मिनिटांचा खंड, विषय आरोग्य आणि चिंता’. पण त्यातली पाचवी ओळ पुन्हा वाचा. ही मुलगी आईकडे यायला निघालेली आहे. शब्द जुळवते आहे. उद्या नाहीतर परवा, स्वयंपाकघरात, आई पोळ्या लाटत असताना ती बोलेल. त्याआधीच हा अहवाल आईच्या फोनवर आला आणि आईने जेवताना विचारलं, "काय गं, रात्री गुगलवर काय बघत होतीस?", तर माहिती आईला मिळाली खरी. पण मुलगी पुढच्या वेळी काय करेल? ती मैत्रिणीचा फोन वापरेल. आणि आईला सांगायचे शब्द जुळवणार नाही.

पूर्वीही मुलांवर नजर असायचीच. शेजारच्या काकू सांगायच्या, "तुमचा बंड्या टपरीवर उभा दिसला बरं का." पण काकूंनी बघितलेलं काकू विसरायच्या. त्यांनी चारच गोष्टी बघितलेल्या असायच्या, त्यातल्या दोन पोटात ठेवायच्या, आणि बंड्या नोकरीला लागला की टपरीचा विषय लग्नात थट्टेपुरता उरायचा. सॉफ्टवेअर विसरत नाही, पोटातही ठेवत नाही. आणि ते बघितलेलं कुठे जाऊन ठेवतं, हे आपण विचारतसुद्धा नाही.

या ‘कुठे’ची एक मोठी गोष्ट २०२४ मध्ये घडली. २० मे रोजी मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ नावाची सोय जाहीर केली. कोपायलट प्लस म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपमध्ये दर काही सेकंदांनी स्क्रीनचं चित्र निघणार, लॅपटॉपमधलंच एआय ते वाचणार, आणि ‘मागच्या आठवड्यात बघितलेली ती निळी बॅग’ असं विचारलं की नेमकं ते पान समोर येणार. सगळं लॅपटॉपवरच राहील, बाहेर काही जाणार नाही, हे कंपनीचं आश्वासन होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण केव्हिन ब्यूमॉन्ट या सुरक्षातज्ज्ञाने ते उघडून बघितलं, तेव्हा स्क्रीनवरून वाचलेला सगळा मजकूर एका साध्या डेटाबेसमध्ये, जसाच्या तसा वाचता येईल असा पडलेला दिसला. लॅपटॉपमध्ये एखादा चोर प्रोग्राम शिरला, तर महिन्याभराची बोलणी, बँकेची पानं, डॉक्टरांचे रिपोर्ट एकगठ्ठा त्याच्या हाती. बाहेर आणण्याच्या आधीच कंपनीला ही सोय मागे घ्यावी लागली. मग ती आपणहून सुरू केल्याशिवाय चालू होणार नाही, साठा कुलूपबंद राहील, उघडताना चेहरा, बोट किंवा पिन लागेल, असे बदल करून एप्रिल २०२५ मध्ये ती कोपायलट प्लस लॅपटॉपवर मिळू लागली. त्यानंतरही मे २०२५ मध्ये सिग्नल या मेसेजिंग ॲपने विंडोजवर आपल्या खिडकीचं चित्रच निघू नये अशी सोय करून घेतली.

जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी एकीला हे पहिल्या फेरीत जमलं नाही. मग मुलांवर नजर ठेवायचं ॲप विकणारी, जिचं नाव तुम्ही परवापर्यंत ऐकलेलंही नव्हतं, ती छोटी कंपनी तुमच्या मुलीच्या त्या सहा ओळी कशा सांभाळत असेल?

याचं उत्तर इतिहासात आहे आणि ते चांगलं नाही. २०१८ च्या मे महिन्यात टीनसेफ नावाच्या अमेरिकी ॲपचे दोन सर्व्हर इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडे सापडले. त्यांत पालकांचे ईमेल पत्ते होते आणि मुलांच्या ॲपल खात्यांचे पासवर्ड होते, तेही साध्या अक्षरांत. वरताण म्हणजे ते ॲप चालावं म्हणून मुलाच्या खात्याची दुहेरी पडताळणी पालकांना बंद करायला लावलेली होती. सुरक्षिततेसाठी घेतलेलं ॲप, आणि त्यासाठी काढून टाकलेलं कुलूप. त्याच वर्षी फॅमिली ऑर्बिट नावाच्या दुसऱ्या कंपनीचा मुलांच्या फोनमधून गोळा केलेला सुमारे २८१ जीबी फोटो-व्हिडिओंचा साठा असाच बाहेरच्या माणसाच्या हाती लागला.

आणि जिथे हॅकरची गरजच पडली नाही, असंही झालंय. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात व्हँकूव्हर नावाचं शहर आहे. तिथल्या शाळांनी मुलांना दिलेल्या लॅपटॉपवर गॅगल या कंपनीचं एआय चोवीस तास लक्ष ठेवून असायचं. कुणी स्वतःला इजा करायच्या गोष्टी लिहितंय का, कुणी धमक्या देतंय का, हे बघणं हा हेतू. पत्रकारांनी माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली नोंदी मागितल्या, तेव्हा जवळपास साडेतीन हजार कागदपत्रं नावं न झाकता बाहेर आली. कुणाच्या निराशेबद्दल, कुणाच्या तुटलेल्या प्रेमाबद्दल, कुणाच्या घरच्या भांडणाबद्दल. मुलांनी ते कुणाला वाचायला लिहिलेलंच नव्हतं. २०२५ च्या मार्चमध्ये ही गोष्ट प्रसिद्ध झाली. हेही सांगायला हवं, की याच व्यवस्थेमुळे काही मुलांपर्यंत वेळेत मदत पोचल्याचं शाळा सांगतात, आणि ते नाकारायचं कारण मला दिसत नाही. पण मदतीसाठी केलेली नोंद मदत झाल्यावरही तशीच राहिली.

त्याआधीचं प्रकरण अजूनच विचित्र. पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन इथल्या शाळांनी विद्यार्थ्यांना मॅकबुक दिले होते. चोरीला गेला तर सापडावा म्हणून त्यांत एक सॉफ्टवेअर होतं. एका मुलाला शाळेत बोलावून सांगण्यात आलं, की तू घरी गैरवर्तन करतोस, आणि पुरावा म्हणून लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने घरात काढलेला फोटो! मुलाच्या हातात गोळ्या दिसत होत्या. त्या लिमलेटसारख्या खायच्या गोळ्या होत्या, असं कुटुंबाचं म्हणणं. २०१० मध्ये खटला झाला, तेव्हा बाहेर आलं की शाळेच्या सर्व्हरवर अशी पन्नास हजारांहून जास्त चित्रं साठली आहेत. त्यातली बरीचशी तर सॉफ्टवेअर बंद करायला कुणी लक्षात ठेवलं नाही, म्हणून निघत राहिलेली. शेवटी ६ लाख १० हजार डॉलरवर तडजोड झाली.

हे सगळं अमेरिकेत, आपल्याकडे कशाला होईल, असं वाटत असेल तर बालभारतीचं पुस्तक उघडा. त्यावरचा क्यूआर कोड ज्या ‘दीक्षा’ ॲपमध्ये उघडतो, त्या व्यासपीठाचा साठा एका असुरक्षित क्लाउड सर्व्हरवर उघडा पडल्याचं जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. दहा लाखांहून जास्त शिक्षक आणि जवळपास सहा लाख विद्यार्थी. ते काही पाळतीसाठी बनवलेलं ॲप नव्हतं. अभ्यासासाठीचं साधं व्यासपीठ होतं. तरी माहिती सुटली. जे गोळा केलेलंच नाही ते मात्र कधी सुटत नाही.

आता अभ्यासाकडे येते, कारण खरी काळजी तिथे आहे. समजा साठ्याचं सगळं ठीक आहे. निदान एआय सांगतं ते बरोबर तरी असतं का?

जेईईची तयारी करणारं मूल कशावर अभ्यास करतं? रफ वहीवर. स्क्रीनवर एक गणित उघडं असतं आणि पुढची पंचवीस मिनिटं पेन कागदावर चालतं. त्या पंचवीस मिनिटांत माऊस हललेला नसतो. सॉफ्टवेअरच्या लेखी मूल जागेवर नाही. उलट जो व्याख्यानाचा व्हिडिओ लावून दुसऱ्या हातात फोन धरून बसलाय, त्याने मधूनमधून माऊस हलवला की त्याचे दोन तास ‘अभ्यास’ म्हणून हिरव्या रंगात येतात. पायथनमध्ये सापशिडीचा खेळ लिहिणारी माझी विद्यार्थिनी ‘गेमिंग’ या रकान्यात जाऊ शकते, आणि कोटातल्या क्लासवरची वेब सिरीज बघणारा नावावरून ‘शिक्षण’ या रकान्यात. मॉडेल समोरचे शब्द बघून अंदाज बांधतं, आणि आपण तो अंदाज प्रगतिपुस्तक म्हणून वाचतो. भांडणं इथून सुरू होतात. "रिपोर्टमध्ये आलंय ना, मग खोटं कशाला बोलतोस?" या वाक्यापुढे खरं बोलणारं मूलही हतबल होतं.

तुमच्यापैकी जे हिंजवडीत किंवा ऐरोलीत आयटीत आहेत, त्यांना हे मी सांगायला नको. तुमच्याच लॅपटॉपवर कंपनीचं असं सॉफ्टवेअर असेल. मीटिंगच्या खोलीत फळ्यासमोर अर्धा तास डोकं चालवलं तरी स्क्रीनवर तुम्ही निष्क्रिय, आणि माऊस आपोआप हलवणारी ती छोटी यूएसबी काडी ऑनलाइन किती सहज विकत मिळते, हेही तुम्हाला माहीत. मोठी, पगारदार, शहाणी माणसं मोजमापाला असं उत्तर देतात. सोळा वर्षांचं पोर तर तुमच्याहून चलाख आहे. ते दुसऱ्या खात्यातून शिरेल, मित्राच्या घरी जाईल, नाहीतर हिरवा रंग कसा मिळवायचा ते शिकेल.

मुलाच्या आयुष्यात काय चाललंय हे आईवडिलांना कुठून कळतं, यावर स्वीडनमध्ये फार सुंदर काम झालेलं आहे. हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर या दोघांनी चौदा वर्षांच्या ७०३ मुलामुलींचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला. तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर असं धरून चालत होते, की ज्या पालकांना मुलांबद्दल जास्त माहिती असते ते जास्त लक्ष ठेवतात आणि म्हणून ती मुलं कमी बिघडतात. या दोघांनी विचारलं, ही माहिती आली कुठून? विचारपूस करून, नियम लावून, की मुलाने आपणहून सांगितल्यामुळे? उत्तर आलं, मुख्यतः आपणहून सांगितल्यामुळे. ज्याला आपण ‘लक्ष ठेवणं’ म्हणत होतो, त्यातला मोठा भाग खरं तर मुलांचं बोलणं होतं. म्हणून मी पाचवी ओळ पुन्हा वाचायला सांगितली.

ॲप बनवणाऱ्यांनी मात्र याची फारशी दखल घेतलेली नाही. पामेला विस्निव्हस्की या संशोधिकेने सहकाऱ्यांबरोबर किशोरवयीनांसाठीची ७५ अँड्रॉइड ॲप तपासली. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांतल्या ८९ टक्के सोयी पालकांच्या हाती नियंत्रण देणाऱ्या होत्या, नजर ठेवा किंवा बंदी घाला. मुलाला स्वतःचं स्वतः आवरायला मदत करणाऱ्या अगदी थोड्या. आई-मुलाने एकत्र बसून बोलावं, यासाठी जवळजवळ काहीच नाही. पुढच्या वर्षी याच क्षेत्रातल्या दुसऱ्या अभ्यासात मुलांनी स्वतः गुगल प्लेवर लिहिलेल्या ७३६ प्रतिक्रिया वाचल्या गेल्या. बहुतेक अर्थातच चिडलेल्या. पण जिथे ॲपमुळे स्वतःचा वेळ हातात राहिला, तिथे मुलांनी कौतुकही केलं होतं. मुलं सरसकट नियमांच्या विरोधात नसतात. त्यांच्या पाठीमागे काही चाललंय, हे त्यांना डाचतं.

अजून एक गोष्ट सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. तुमच्या मुलीच्या स्क्रीनवर तिच्या मैत्रिणीचे मेसेज असतात. चित्र निघालं की तेही निघतात. त्या मैत्रिणीने आपल्या घरचं जे सांगितलं असेल ते तुमच्या फोनवर, आणि कंपनीच्या सर्व्हरवर. तिच्या आईवडिलांनी याला होकार कधी दिला? लॅपटॉप घरात सामायिक असेल तर आजोबांच्या पेन्शनचं पान आणि बाबांच्या ऑफिसचा मेलही त्याच साठ्यात.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात अठरा वर्षांखालच्यांना वगळलेलं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय. कंपन्यांनी मुलांचा माग काढू नये, त्यांच्या वागणुकीवर पाळत ठेवू नये, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत, असं त्याचं नववं कलम सांगतं. मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे, आणि शाळांना शिक्षणासाठी व सुरक्षिततेसाठी काही सवलती आहेत. घरातल्या घरात तुम्ही जे करता, त्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे तुम्हाला कुणी नोटीस पाठवणार नाही. तुमच्या घरात निवाडा तुम्हालाच करायचा आहे.

तर मग करायचं काय? नोंद ठेवणं वाईट, असं मी म्हणत नाही. मी स्वतः ठेवते. आपला वेळ कुठे गेला हे कळणं मोठ्यांनाही झोंबतं आणि उपयोगी पडतं. प्रश्न नोंद कुणाच्या मालकीची हा आहे. माझ्या वर्गात मी मुलांना ॲक्टिव्हिटीवॉच दाखवते. ते फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि सगळी नोंद त्याच लॅपटॉपवर राहते. कुठल्या कंपनीकडे जात नाही. ते चित्रं काढत नाही. कोणता शब्द दिसला की कोणत्या रकान्यात टाकायचं, ते नियम आपण स्वतः लिहायचे. हे नियम मुलाला लिहू द्या. वेब सिरीज ‘अभ्यास’मध्ये टाकू की ‘करमणूक’मध्ये, हे ठरवताना त्याचं त्यालाच हसू येतं. एआयचा सारांश हवाच असेल, तर मॉडेल लॅपटॉपवरच चालतं की मजकूर बाहेर जातो, हे सेटिंगमध्ये बघा. ‘क्लाउड’ असं लिहिलेलं असेल, तर स्क्रीनवर जे जे आहे ते घराबाहेर जातंय असं समजा.

मग रविवारी संध्याकाळी मूल स्वतः आलेख उघडेल आणि दाखवावंसं वाटेल तेवढं दाखवेल. एका घरात हे कसं झालं ते मला मुलानेच सांगितलं. बाबा म्हणाले, "बुधवारी चार तास यूट्यूब?" तो म्हणाला, "बाबा, त्यात अडीच तास ऑरगॅनिकचे आहेत. दीड तास क्रिकेट. तो दीड तास माझा." बाबा म्हणाले, "तुझा. पण झोपायच्या आधीचा नको." तो बरं म्हणाला. आणि मग त्याने विचारलं, "तुमचं दाखवा ना." बाबांच्या फोनचा स्क्रीन टाइम उघडला, तेव्हा आई हसून हसून बेजार झाली. मोठ्यांनी आपला आकडा दाखवल्याशिवाय हे जमत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

लहान मुलांचं वेगळं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला लॅपटॉप हॉलमध्येच द्या, विंडोजचं किंवा गुगलचं कुटुंबखातं वापरा, वेळेची मर्यादा घाला, त्यात लाज वाटायचं कारण नाही. फक्त ते त्याला माहीत असू द्या. सातवी-आठवीपासून दोरी सैल करत न्यायची. अकरावीत आल्यावर एकदम जासूस बसवायचा, हा उलटा प्रवास झाला.

आणि संकट असेल तर? मूल अचानक जेवेनासं झालं, फोन वाजला की दचकतंय, घरातले पैसे जातायत, कुणी फोटो पसरवायची धमकी देतंय असा संशय आहे. तेव्हा खासगीपणावर चर्चा करत बसायचं नाही. बघायचं. पण "मला काळजी वाटतेय, मी आता बघणार आहे" असं सांगून, त्याच्याशेजारी बसून. धमकावणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, मेसेज पुसायचे नाहीत, १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायची. मुलांसाठी १०९८ आहेच. अठरा वर्षांखाली असताना काढलेले नग्न किंवा अश्लील फोटो ऑनलाइन फिरत असतील तर ‘टेक इट डाऊन’ ही विनामूल्य सेवा ते काढायला मदत करते, आणि तिथे फोटो अपलोडही करावा लागत नाही. अशा वेळी पहिलं वाक्य "तुला कितीदा सांगितलं होतं" हे असू नये, एवढं तरी सांभाळा.

शेवटी, ज्यांनी असं काही आधीच गुपचूप बसवलंय त्यांच्याशी बोलते. दर वर्षी सभेनंतर रेंगाळणाऱ्यांत तुम्हीही असता. हे वाचून लगेच जाऊन ते उडवू नका. आधी मुलाला सांगा. तो चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही, ते सोसा. मग त्याच्यासमोर काढा. आणि एक लक्षात ठेवा: लॅपटॉपमधून सॉफ्टवेअर काढलं म्हणून कंपनीकडचा साठा पुसला जात नाही. त्यासाठी खातं बंद करून, साठा पुसून टाका असं कंपनीला लेखी कळवावं लागतं. तो मेल दोघांनी मिळून लिहा, आणि कंपनीचं उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.